पिसाचा कलता मनोरा

विद्यार्थिमित्रहो, इटली देशातील पिसा शहराचा कलता मनोरा चित्रात तरी पाहिला नाही असा विद्यार्थी आपल्या शाळेत क्वचितच सापडेल. भूगोलाच्या पुस्तकात तो असतो, शास्त्राच्या पुस्तकात गुरुत्वमध्याच्या धड्यात तो पुन्हा भेटतो, आणि दोन्ही ठिकाणी आपल्या मनात एकच प्रश्न येतो : हा पडत कसा नाही? शास्त्राचे पुस्तक त्याचे उत्तर एका वाक्यात देते. मनोऱ्याच्या गुरुत्वमध्यातून खाली सोडलेली लंबरेषा त्याच्या पायाच्या आत पडते, म्हणून तो पडत नाही. परीक्षेत एवढे लिहिले म्हणजे पुरे गुण मिळतात. तथापि १९९० च्या जानेवारीत जेव्हा हा मनोरा लोकांना बंद करण्यात आला, तेव्हाही ती लंबरेषा पायाच्या चांगली आत पडत होती. आणि तरी मनोरा केव्हा कोसळेल याचा नेम नाही, अशी स्थापत्यविशारदांना भीती वाटत होती. मग पुस्तकातले उत्तर खोटे की काय? खोटे नाही, परंतु अपुरे आहे. ते पुरे करावयाचे तर हा मनोरा कसा बांधला, कोणत्या जमिनीवर बांधला, आणि त्याला सावरण्यासाठी लोकांनी काय काय केले, हे पाहिले पाहिजे. प्रस्तुत लेखात तेवढेच करण्याचे योजिले आहे.

पिसा हे शहर आर्नो नदीच्या काठी, समुद्रापासून थोड्याच अंतरावर वसलेले आहे. अकराव्या व बाराव्या शतकांत ते एक बलाढ्य दर्यावर्दी राज्य होते. त्याची गलबते भूमध्य समुद्रात दूरवर व्यापार करीत, आणि प्रसंगी लढायाही मारीत. १०६३ साली सिसिली बेटातील पालेर्मो येथील स्वारीत मिळालेल्या लुटीच्या पैशातून पिसाच्या नागरिकांनी आपले भव्य कॅथीड्रल, म्हणजे धर्माध्यक्षाचे मुख्य प्रार्थनामंदिर, बांधावयास घेतले. त्याचा शिल्पकार बुस्केतो हा होय. पुढे बाराव्या शतकाच्या मध्यास त्याच्यासमोर बाप्तिस्मागृहाचे काम सुरू झाले. आता उणीव राहिली ती घंटेच्या मनोऱ्याची. इटलीत घंटेचा मनोरा मंदिराला जोडून न बांधता पुष्कळदा वेगळा उभारीत असत. पिसा येथेही तसेच ठरले. ११७२ साली बेर्ता नावाच्या एका विधवा बाईने या मनोऱ्याचे दगड घेण्यासाठी साठ सोल्दी, म्हणजे त्या काळची साठ नाणी, आपल्या मृत्युपत्रात ठेविली. पुढील वर्षी, ११७३ च्या ऑगस्ट महिन्यात, पायाचे काम सुरू झाले. ज्या मनोऱ्याचे नाव आज जगभर झाले आहे, त्याच्या जमाखर्चाच्या आरंभी एका विधवेचे दान आहे, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

आता मनोऱ्याची रचना पाहू. मनोरा वर्तुळाकार असून त्याची उंची सुमारे ५६ मीटर, म्हणजे साधारण १८३ फूट आहे. त्याला एकंदर आठ मजले आहेत. तळमजल्यावर उघडा सज्जा नाही. भरीव भिंतीला अर्धवट बाहेर आलेले पंधरा स्तंभ असून त्यांवर अर्धवर्तुळाकार कमानी उठविल्या आहेत. त्याच्यावर एकसारखे सहा मजले चढत गेले आहेत. या प्रत्येक मजल्याभोवती तीस बारीक स्तंभांची ओळ असून स्तंभ व भिंत यांच्यामध्ये एक अरुंद वाटोळा सज्जा आहे. सर्वांत वर, थोड्या कमी घेराची, घंटा टांगण्याची खोली आहे. आपल्याकडे देवळापुढे दगडी दीपमाळ असते, तिचे हात जसे ओळीओळीने वर चढत जातात, तशी या स्तंभांची वलये डोळ्यांना हळूहळू वर नेतात. मात्र दीपमाळ वर निमुळती होत जाते आणि हा मनोरा सातव्या मजल्यापर्यंत जवळजवळ सारख्याच जाडीचा आहे. अर्धवर्तुळाकार कमान आणि तिला पेलणारे लहान स्तंभ हे मध्ययुगातील रोमनेस्क शिल्पपद्धतीचे लक्षण होय. कॅथीड्रलच्या दर्शनी भागावरही असेच स्तंभांचे थर आहेत. त्यामुळे मनोरा वेगळा उभा असला तरी तो त्या मंदिराचाच एक अवयव आहे, हे पाहणाऱ्यास सहज कळते.

बाहेरून पाहिले असता वाटते की सगळा मनोरा पांढऱ्या संगमरवराच्या घडीव चिऱ्यांचा आहे. वस्तुतः तसे नाही. मनोरा आतून पोकळ आहे, आणि त्याच्या जाड भिंतीला बाहेरून एक व आतून एक असे दगडाचे दोन पडदे आहेत. त्यांच्यामधील जागा दगडांचे रोडे व चुना यांनी भरून काढलेली आहे. या भरावातूनच एक चक्राकार जिना अडीचशेहून अधिक पायऱ्या घेत वर जातो. जिना भिंतीच्या पोटात असल्यामुळे मधली पोकळी मोकळी राहिली व वर जाण्याचीही सोय झाली. परंतु जेथे जिना जातो तेथे भिंत आतून पोकळ होते, आणि तिचा भार बाहेरच्या पातळ पडद्यावर अधिक पडतो. ही गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरली. घंटाघरात सात घंटा आहेत. त्यांतील सर्वांत जुनी १२६२ साली ओतलेली, म्हणजे घंटाघर बांधले जाण्याच्याही शंभर वर्षे आधीची आहे. मनोऱ्याचा मूळ शिल्पकार कोण, याविषयी एकमत नाही. परंपरेने बोनान्नो पिसानो याचे नाव घेतले जाते. काही अभ्यासक बाप्तिस्मागृहाचा शिल्पकार दिओतिसाल्वी याच्याकडे हा मान देतात.

अशा या मनोऱ्याचे वजन सुमारे १४,५०० टन आहे. एवढा भार ज्या पायावर आहे, तो पाया म्हणजे सुमारे १९.६ मीटर व्यासाचे एक दगडी कडे असून त्याची खोली अवघी ३ मीटर आहे. आपल्या सह्याद्रीवरील किल्ल्यांचे बुरूज काळ्या पाषाणावर उभे असतात. त्यांच्या पायाखाली डोंगरच असतो. पिसाची गोष्ट निराळी. ही सारी भूमी नद्यांनी वाहून आणलेल्या गाळाने व समुद्राच्या चिखलाने बनलेली आहे. मनोऱ्याखाली पहिले सुमारे १० मीटर गाळ व रेती आहे, आणि त्याखाली सुमारे ४० मीटर खोलीपर्यंत मुख्यत्वे मऊ चिकणमाती आहे. वरच्या थरातील गाळ दक्षिण बाजूस उत्तरेपेक्षा थोडा अधिक दबणारा आहे. पिसा शहरात सान निकोला व सान मिकेले या मंदिरांचे घंटेचे मनोरेही कललेले आहेत. यावरून दोष एकट्या शिल्पकाराचा नसून तेथील जमिनीचाही आहे, हे उघड होते.

पहिल्या पाच वर्षांत तीन मजले होऊन चौथ्याचे काम चालू झाले, आणि ११७८ च्या सुमारास काम थांबले. ते थांबले ते थोडेथोडके दिवस नव्हे, जवळजवळ शंभर वर्षे. तीन मजल्यांचा तो अर्धवट मनोरा पाहून त्या काळच्या लोकांना वाईट वाटले असेल. परंतु आजचे भूमितज्ज्ञ हिशेब करून सांगतात की, हे काम थांबले नसते तर मनोरा तेव्हाच कोसळला असता. त्याचे कारण घरातील एका साध्या उदाहरणाने समजेल. श्रीखंडासाठी दही फडक्यात बांधून टांगतात. त्यातील पाणी थेंबथेंब निथळते आणि रात्रभरात घट्ट चक्का तयार होतो. तेच दही फडक्यात बांधल्याबरोबर जोराने दाबले तर ते फडक्याबाहेर येते. पाणी भरलेल्या चिकणमातीचे असेच आहे. तिच्यावर एकदम मोठा भार टाकला तर ती बाजूंना सरकते. थोडा भार टाकून पुष्कळ वेळ जाऊ दिला तर तिच्यातील पाणी हळूहळू निघून जाते, माती घट्ट होते, आणि मग ती अधिक भार सोसू शकते. शंभर वर्षांच्या त्या विश्रांतीत मनोऱ्याखालच्या दह्याचा चक्का झाला.

१२७२ च्या सुमारास जोव्हान्नी दि सिमोने याच्या देखरेखीखाली काम पुन्हा सुरू झाले. तोपर्यंत मनोरा अगदी किंचित, आणि तोही उत्तरेकडे कलला होता. नवे मजले चढू लागताच त्याने आपली दिशा बदलली व तो दक्षिणेकडे कलू लागला. गवंड्यांच्या ओळंब्याला ही गोष्ट लपून राहिली नाही. त्यांनी दगडांच्या थरांची जाडी एका बाजूस थोडी अधिक व दुसऱ्या बाजूस थोडी कमी ठेवून पुढचा भाग सरळ करण्याचा यत्न केला. त्यामुळे मनोरा नुसता कललेला नाही, तर केळ्यासारखा किंचित वाकलेलाही आहे. याच दगडांची जाडी मोजून आजच्या संशोधकांनी मनोरा कोणत्या काळी किती कलला होता, याचा पाठपुरावा केला आहे. १२७८ च्या सुमारास सात मजले झाल्यावर काम दुसऱ्यांदा थांबले. पुढे १२८४ साली मेलोरिया येथील समुद्रयुद्धात जिनोआ राज्याने पिसाच्या आरमाराचा दारुण पराभव केला, व पिसाचे वैभव ओसरू लागले. राज्यावर आलेल्या या संकटांच्या काळात जमिनीला मात्र पुन्हा सुमारे नव्वद वर्षांची उसंत मिळाली. शेवटी १३७० च्या सुमारास तोम्मासो पिसानो याने घंटाघर चढविले. मनोरा तेव्हा दक्षिणेस इतका कलला होता की, घंटाघराची जमीन सपाट करण्यासाठी त्याला दक्षिणेकडे सहा पायऱ्या व उत्तरेकडे चारच पायऱ्या घालाव्या लागल्या. आरंभापासून मोजले तर मनोरा पुरा होण्यास सुमारे दोनशे वर्षे लागली.

गॅलिलिओ हा थोर शास्त्रज्ञ १५६४ साली याच पिसा शहरात जन्मला. त्याने या मनोऱ्यावरून दोन निरनिराळ्या वजनांचे गोळे खाली टाकून ते बरोबरच पडतात असे दाखविले, ही कथा सर्वांस ठाऊक आहे. ती त्याचा शिष्य विव्हियानी याने लिहून ठेविली. परंतु हा प्रयोग खरोखर तेथे झाला की नाही, याविषयी अनेक इतिहासकार शंका घेतात. प्रयोग झाला असो वा नसो, हा मनोरा शास्त्राच्या धड्यात बसतो तो दुसऱ्याच कारणाने. आता आपण आरंभीच्या प्रश्नाकडे वळू.

मनोऱ्याचा गुरुत्वमध्य पायाच्या तळापासून सुमारे २२.६ मीटर उंचीवर आहे. १९९० साली मनोरा सुमारे साडेपाच अंशांनी कललेला होता. ज्यांना त्रिकोणमितीची ओळख झाली आहे त्यांनी हिशेब करून पाहावा : गुरुत्वमध्यातून सोडलेली लंबरेषा पायाच्या मध्यबिंदूपासून दक्षिणेस सव्वादोन मीटरांच्या आसपास पडते. पायाची त्रिज्या मात्र सुमारे ९.८ मीटर आहे. म्हणजे लंबरेषा पायाच्या कडेला पोहोचण्यास अजून सात मीटरांहून अधिक अंतर शिल्लक होते. पाया जर खडकावर असता आणि मनोरा एकसंध लोखंडाचा असता, तर काळजीचे काही कारणच नव्हते.

परंतु पाया खडकावर नाही. याचा अर्थ समजण्यासाठी घरी एक प्रयोग करावा. रिकाम्या काड्यापेट्या घेऊन प्रथम फरशीवर एकावर एक रचाव्या. हात स्थिर असेल तर पुष्कळ उंच रचता येतात. मग त्याच पेट्या कापसाच्या मऊ गादीवर रचाव्या. काही उंचीपर्यंत त्या नीट राहतात. पण एक वेळ अशी येते की कितीही काळजीपूर्वक पेटी ठेवली तरी सारी रास एका बाजूस झुकते. झुकली की त्या बाजूच्या गादीवर भार वाढतो. भार वाढला की गादी अधिक दबते. गादी दबली की रास अधिक झुकते. असे हे रहाटगाडगे चालू झाले म्हणजे शेवट ठरलेलाच. येथे लंबरेषा पायाबाहेर जाण्याची वाट पाहावी लागत नाही. त्याच्या किती तरी आधी जमीन हार मानते. पिसाचा मनोरा या मर्यादेच्या अगदी काठावर उभा होता. त्यात दुसरे भय भिंतीचे. कलल्यामुळे दक्षिण बाजूच्या दगडांवर फार मोठा दाब येत होता. पहिल्या सज्जाजवळ, जेथे जिन्याच्या पोकळीने भिंत दुबळी झाली आहे, तेथे बाहेरचा पडदा फुटून मनोरा एका क्षणात ढासळेल, अशी शंका होती.

मनोरा सावरण्याचे यत्न पूर्वीही झाले होते. त्यांचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. मनोरा बराच खचल्यामुळे त्याच्या स्तंभांची बैठक मातीत गडप झाली होती. ती लोकांना दिसावी म्हणून १८३८ साली आलेस्सांद्रो देल्ला गेरार्देस्का या शिल्पकाराने पायाभोवती वाटोळा खोल मार्ग खणविला. हेतू चांगला होता. परंतु खणताना भूगर्भातील पाणी आत शिरले आणि मनोरा एकदम सुमारे अर्धा अंश अधिक कलला. १९३४ च्या सुमारास, मुसोलिनीच्या राजवटीत, पायात शेकडो भोके पाडून त्यांत सिमेंट भरण्यात आले. पाया बळकट होऊन कल थांबेल अशी अपेक्षा होती. मनोऱ्याने उलट दक्षिणेकडे आणखी एक झोका घेतला. पुढे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आसपासच्या विहिरींतून पाण्याचा मोठा उपसा होऊ लागला, तेव्हा कलण्याचा वेग पुन्हा वाढला. उपसा कमी केल्यावर तो वेगही कमी झाला. १९११ सालापासून मनोऱ्याचा कल सूक्ष्म यंत्रांनी नियमित मोजला जात होता, म्हणूनच यांतील कोणत्या उपायाचा काय परिणाम झाला हे आज सांगता येते. रोग्याच्या उशाशी तापाचा तक्ता ठेवतात, तसाच हा तक्ता होता.

१९८९ च्या मार्च महिन्यात इटलीतील पाव्हिया शहराचा मध्ययुगीन मनोरा कसलीही पूर्वसूचना न देता कोसळला व चार माणसे ठार झाली. त्यापूर्वी १९०२ साली व्हेनिस येथील सान मार्कोचा घंटेचा मनोरा असाच पडला होता. पाव्हियाचा मनोरा तर कललेलाही नव्हता. त्याच्या भिंतीतील भराव थकला होता. पिसाच्या मनोऱ्याची भिंतही त्याच पद्धतीची. वर्षानुवर्षे हजारो लोक जिच्या पोटातून चढउतार करीत, ती भिंत केव्हा दगा देईल हे कोण सांगणार? यास्तव ७ जानेवारी १९९० रोजी मनोऱ्याचे दार बंद झाले, आणि प्राध्यापक मिकेले यामिओल्कोव्हस्की यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञांची एक समिती नेमण्यात आली. तीत जमिनीचे शास्त्र जाणणारे होते, इमारतींचे अभियंते होते, तसेच प्राचीन कलेचे रक्षण करणारे पंडितही होते. लंडनच्या इंपीरियल कॉलेजातील प्राध्यापक जॉन बरलंड हे तिचे एक प्रमुख सदस्य होते.

समितीपुढील पेच विलक्षण होता. काही न करावे तर मनोरा पडेल. काही करावे तर, मागील अनुभवाप्रमाणे, त्या करण्यानेच तो पडेल. प्रथम १९९२ साली पहिल्या सज्जाभोवती पोलादी तारांचे पट्टे आवळून दुबळ्या भिंतीस आधार दिला. फुटक्या घागरीला वाक घालावा तसाच हा प्रकार. नंतर १९९३ साली उत्तर बाजूच्या पायावर शिशाच्या लगडी रचण्यास आरंभ झाला. एकंदर ६०० टन शिसे ठेविले, आणि शतकानुशतके दक्षिणेकडेच जाणारा मनोरा प्रथमच अगदी थोडा उत्तरेस परतला. परंतु त्या शिशाच्या राशी कुरूप दिसत. त्या काढून त्यांच्या जागी जमिनीत खोल बांधलेल्या तारांनी पाया खाली ओढावा, असे ठरले. त्यासाठी खणताना पाणी आत येऊ नये म्हणून द्रवरूप नायट्रोजनने जमीन गोठविण्यात आली. १९९५ च्या सप्टेंबरात हे काम चालू असता मनोरा पुन्हा दक्षिणेकडे सरकू लागला. काम तत्काळ थांबविले व शिशाचे वजन ९०० टनांवर नेऊन मनोरा कसाबसा आवरला. विद्वानांच्या समितीकडूनही चूक होते. पण मोजणी अहोरात्र चालू असल्यामुळे ती चूक वेळेवर कळली, आणि कळताच ती कबूल करून मागे फिरण्यास कोणी लाजले नाही.

ज्या उपायाने शेवटी यश आले, तो ऐकण्यास अगदी साधा आहे. १९६२ सालीच फेर्नान्दो तेर्राचिना या अभियंत्याने तो सुचविला होता. दक्षिण बाजू वर उचलण्याऐवजी उत्तरेच्या पायाखालची माती थोडीथोडी काढून घ्यावी, म्हणजे उत्तर बाजू आपल्याच भाराने खाली बसेल आणि मनोरा मागे येईल. आधी या कल्पनेची प्रतिकृतींवर व हिशेबांनी कसून परीक्षा झाली. मनोरा एकाएकी हललाच तर धरून ठेवण्यासाठी त्याच्या कमरेला दूरवरून पोलादी दोर बांधले. १९९९ साली मोजक्या नळ्या तिरप्या घालून, त्यांतील गिरमिटांनी ओंजळी-ओंजळीने माती काढण्यास सुरुवात झाली. रोज किती माती काढावयाची हे आदल्या मोजणीवरून ठरे. परिणाम अनुकूल दिसला तेव्हा २००० साली ४१ नळ्या बसवून मुख्य काम सुरू केले. साऱ्या कामात मिळून सुमारे ३८ घनमीटर माती निघाली. १४,५०० टनांच्या मनोऱ्यापुढे ही माती ती किती! परंतु तेवढ्याने कल सुमारे अर्धा अंश कमी झाला, आणि मनोऱ्याचा माथा चाळीस सेंटिमीटरांहून अधिक मागे आला. १८३८ च्या खोदकामापूर्वी तो जितका कललेला होता, साधारण तितकाच तो पुन्हा झाला. शिसे व दोर काढून घेतले आणि १५ डिसेंबर २००१ रोजी दार उघडले. २००८ साली मनोऱ्याची हालचाल थांबल्याचे जाहीर करण्यात आले. निदान पुढील दोनशे वर्षे भय नाही, असे तज्ज्ञांनी सांगितले.

येथे कोणी विचारील की, एवढी विद्या व एवढा पैसा होता तर मनोरा अगदी सरळच का केला नाही? समितीने तसे मुद्दामच केले नाही. जितका कल कमी केल्याने जमीन व भिंत निर्धास्त होतील, तितकाच तिने कमी केला. अधिक माती काढली असती तर नवे भय उत्पन्न झाले असते. शिवाय ज्या गवंड्यांनी ओळंबा हाती घेऊन आपले थर सांधले, त्यांच्या दोनशे वर्षांच्या झगड्याची खूण त्या कलण्यातच आहे. तीही जपण्याजोगीच होती.

आणखी एक आश्चर्य सांगून हा लेख पुरा करतो. १२८० सालापासून या प्रदेशात निदान चार मोठे भूकंप झाले. तरी हा कललेला मनोरा उभाच राहिला. रोम व ब्रिस्टल येथील विद्यापीठांतील संशोधकांनी २०१८ साली याचा उलगडा जाहीर केला. उंच व ताठ मनोरा आणि त्याखालची मऊ जमीन यांच्या संयोगामुळे मनोऱ्याचे आंदोलन भूकंपाच्या हादऱ्याशी जुळत नाही, म्हणून तो हादरा त्याला बाधत नाही. म्हणजे ज्या मऊ मातीने मनोरा वाकविला, तिनेच भूकंपांपासून त्याला राखले.

विद्यार्थिमित्रहो, आता परीक्षेत पिसाच्या मनोऱ्याविषयी प्रश्न आला तर लंबरेषेचे उत्तर अवश्य लिहा. ते बरोबर आहे. पण लिहिताना हेही ध्यानात असू द्या की, रेषेखाली नेहमी जमीन असते, आणि जमिनीची विचारपूस केल्यावाचून रेषेचा भरवसा धरता येत नाही. येत्या सुटीत एका दोऱ्याला दगड बांधून ओळंबा करा, आणि आपल्या गावातील जुनी भिंत, दीपमाळ किंवा घंटाघर त्याने तपासून पाहा. जो कल दिसेल तो वहीत लिहा, आणि पुढील वर्षी पुन्हा त्याच जागी मोजा. पालकांनीही या कामी मुलांना साहाय्य करावे, अशी त्यांस विनंती आहे. पिसाचा मनोरा वाचला तो कोणाच्या धाडसामुळे नव्हे. १९११ सालापासून पिढ्यानुपिढ्या कोणी तरी नेमाने मोजीत व लिहून ठेवीत गेले, आणि शेवटी हातात गिरमिट घेणाऱ्यांनी तो तक्ता नीट वाचला, म्हणून तो वाचला.